पेपर वाचताना : लिनक्समधली असभ्यता आणि टेलचं शेत

मागच्या महिन्यात आमच्या जर्नल क्लबमध्ये माझा नंबर होता. मी भूजलावर काम करते, त्यामुळे सगळ्यांना वाटलं पुन्हा विहिरींच्या पातळ्या आणि बोअरचे आलेख बघावे लागणार. मी मात्र मुद्दाम बाहेरचा पेपर घेतला. ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं एकमेकांशी कसं बोलतात, यावरचा. सरांनी विचारलं, "याचा आपल्याशी काय संबंध?" संबंध साधा आहे. माझ्या प्रबंधातली एकही आकृती विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमधून आलेली नाही. पायथन, आर, क्यूजीआयएस, सगळं फुकट मिळालेलं. तिकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या तीस डिशमधून येणारा डेटा हाताळायला एनसीआरएच्या शास्त्रज्ञांनी 'कॅप्चर' नावाची पाइपलाइन बनवली, तीही खुली करून टाकली. आपण सगळे कुणीतरी फुकट लिहिलेल्या कोडवर पीएचडी करतोय. मग ते लिहिणाऱ्यांच्या घरात काय चाललंय, हे आपल्याला माहीत असायला नको का?

पेपर आहे इसाबेला फरेरा, जिंगहुई चेंग आणि ब्रॅम अ‍ॅडम्स यांचा, २०२१ चा. शीर्षकात चक्क एक शिवी आहे, मधली अक्षरं झाकून छापलेली, म्हणून इथे देत नाही. लिनक्स कर्नलच्या कामात एखादा बदल, म्हणजे पॅच, पाठवला की त्यावर ईमेलवरून जाहीर चर्चा होते. नाकारल्या गेलेल्या पॅचशी संबंधित १५४५ ईमेल या मंडळींनी एकेक करून वाचले आणि त्यांचा सूर नोंदवला. तांत्रिक नसलेल्या ईमेलांपैकी ६६.६६ टक्क्यांमध्ये असभ्यतेची काहीतरी खूण सापडली. सगळ्यात जास्त आढळल्या त्या तीन : वैताग, नावं ठेवणं आणि उतावीळपणा.

पार्श्वभूमी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स हा त्याच्या तिखट ईमेलांसाठी प्रसिद्ध होता. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने जाहीर माफी मागितली, आपल्याला माणसांच्या भावना कळत नाहीत हे मान्य केलं आणि काही आठवडे कामातून बाजूला झाला. त्याच सुमारास कर्नलने नवी आचारसंहिता स्वीकारली. तोवर जी होती तिचं नाव 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट' असं होतं, म्हणजे बघा. ऑक्टोबरमध्ये तो परत आला. तेव्हापासून "खुल्या समुदायातली असभ्यता" हा संशोधनाचा चांगला चालता विषय झाला. हा पेपर त्या पिकातला चांगला दाणा आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी त्यावर टीका करणार आहे, पण वाईट पेपरवर टीका करण्यात आपला वेळ कशाला घालवायचा.

चांगलं काय ते आधी. त्यांनी यंत्रावर भिस्त ठेवली नाही. या विषयातला सोपा रस्ता म्हणजे टॉक्सिसिटी शोधणारं तयार साधन घ्यायचं, लाखभर ईमेल त्यात ओतायचे आणि आलेला आकडा छापायचा. पण प्रोग्रामर लोक दिवसभर प्रोसेस 'किल' करत असतात, काम 'अबॉर्ट' करत असतात, आणि कोडमध्ये कोण कुणाचं 'चाइल्ड' आणि कोण 'ऑर्फन' हेही चाललेलं असतं. रोजच्या भाषेवर शिकवलेल्या साधनाला यात हिंसाच दिसणार. फरेरा आणि मंडळींनी डोळ्यांनी वाचलं, खुणांची यादी हळूहळू बांधली, आणि अजून एक महत्त्वाची गोष्ट केली : तेच म्हणणं सभ्यपणे मांडलेली उदाहरणंही त्याच चर्चांमधून दाखवली. म्हणजे "काम नीट व्हायचं तर कडक बोलावंच लागतं" ही जी सबब असते, तिच्यातली हवा त्यांनी त्यांच्याच डेटातून काढली. मला हा भाग सगळ्यात आवडला.

आता आकड्याचं. जर्नल क्लबमध्ये मी स्लाइड लावली आणि पाच मिनिटांत एका ज्युनिअरने लिहून घेतलं : "लिनक्समधले दोन तृतीयांश ईमेल असभ्य." थांबा. छेद काय आहे? सगळे ईमेल नव्हेत. आधी फक्त नाकारलेले पॅच घेतले, जिथे तोंडं कडू असणारच. त्यातूनही तांत्रिक ईमेल वेगळे काढले, आणि उरलेल्यांच्या दोन तृतीयांश. पेपरमध्ये हे स्वच्छ लिहिलंय, दोष लेखकांचा नाही. पण सारांशातला आकडा उचलून आपल्या प्रस्तावनेत चिकटवायची जी आपल्याला सवय आहे, तिच्यामुळे उद्या तो आकडा छेद सोडून एकटाच फिरायला लागेल. सेट-नेट झाल्यावर प्रपोजल लिहायला बसलेल्या प्रत्येकाने टक्केवारी दिसली की आधी छेद शोधावा. एवढं बोलून पुढे जाते, कारण माझा खरा आक्षेप वेगळा आहे.

तो सांगायला थोडं घराकडे जावं लागेल. आमचं शेत दौंड तालुक्यात, आजोळ शिरूरकडचं. दौंडला खडकवासल्याचं पाणी, शिरूरला चासकमानचं, घोडचं. कागदावर दोन्ही तालुके कालव्याचे. आमचं शेत एका चारीच्या अगदी शेवटी, टेलला. आवर्तन सुटलं की हेडच्या लोकांची भांडणं सुरू. कुणी रात्रीत दार उचललं, कुणी आडवा बांध घातला, कुणी मोटार टाकली. शिव्या अशा की लहानपणी आई आम्हाला कानावर हात ठेवून पुढे न्यायची. टेलला मात्र शांतता. आजोबा रोज संध्याकाळी चारीवर जाऊन उभे राहायचे. पाटकरी सायकलवरून जाताना थांबायचा, अगदी अदबीने.

"भाऊसाहेब, आमच्याकडं कवा यायचं पानी?"

"येईल की आबा, दोन दिसात. तुमचं नाव हाय ना यादीत."

दोन दिवसांनी आवर्तन बंद. कुणी कुणाला एक वाकडा शब्द बोललं नाही. बरं, तो पाटकरी काही वाईट माणूस नव्हता, एवढ्या लांबीला एकटा होता.

आता समजा, एखाद्या संशोधकाने ठरवलं की कालव्यावरचा अन्याय मोजायचा, आणि त्यासाठी त्याने भांडणं मोजली. त्याच्या नकाशावर हेड लाल होईल आणि टेल हिरवं. सगळं उलटं. पाणी हेडला मिळतंय, म्हणून तर तिथे भांडायला काहीतरी आहे.

नाकारलेल्या पॅचवरच्या असभ्य ईमेलांचा अभ्यास हा हेडच्या भांडणांचा अभ्यास आहे. ज्याच्या पॅचवर कुणी वैतागलं, त्याचा पॅच निदान कुणीतरी वाचला. ज्याला कुणी उत्तरच दिलं नाही, तिथे सूर मोजायला मजकूरच नाही. आणि वाट पाहणं ही या जगात किरकोळ गोष्ट नाही. याच तिघांपैकी अ‍ॅडम्स सहलेखक असलेला २०१३ चा एक जुना पेपर आहे, लिनक्समधला पॅच स्वीकारला जाईल का आणि किती दिवसांत, यावर. त्यात दिसलं की साधारण ३३ टक्के पॅच शेवटी लिनक्समध्ये जातात आणि बहुतेकांना तीन ते सहा महिने लागतात. हा पेपर आणि २०२१ चा पेपर शेजारी ठेवून वाचा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. एकात रांग आहे, दुसऱ्यात आवाज आहे. रांगेत गप्प उभ्या असलेल्यांचं काय झालं, हे दोन्हींच्या मधल्या फटीत राहून जातं.

माझं स्वतःचं सांगते, मग कळेल मी एवढी का पेटले. एम.एस्सी.ला असताना गावाकडच्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी पाणीपातळीचे आलेख मराठीत केले. आलेख काढण्याच्या एका साधनात मराठी अक्षरं फुटत होती. 'विहीर' लिहिलं की पहिली वेलांटी 'व'च्या पलीकडे जाऊन बसायची, 'वर्ष'मधला रफार भलतीकडेच. दोन आठवडे खपून मी दुरुस्ती केली, चाचणी लिहिली, नियमाप्रमाणे पाठवली. इंग्रजी चारदा तपासून घेतलं. उत्तर नाही. महिन्याने नम्र आठवण. उत्तर नाही. चौदा महिन्यांनी एका बॉटचा निरोप आला : बराच काळ हालचाल नसल्याने ही नोंद बंद करत आहोत, आपल्या योगदानाबद्दल आभार. या सगळ्या जगात मला आलेला सगळ्यात सभ्य संदेश तोच. त्यानंतर मी कुठेही पॅच पाठवला नाही. प्रकल्पाचं नाव सांगत नाही, कारण तिथेही बहुधा एखादा पाटकरी असेल, मोठ्या लांबीला एकटा.

इथे कुणी म्हणेल, मग शिवीगाळ चालेल का? नाही चालणार. मी फक्त एवढंच म्हणतेय की सभ्यता आणि न्याय या दोन वेगळ्या राशी आहेत, आणि एक मोजून दुसरीबद्दल बोलता येत नाही. याचं सगळ्यात भयंकर उदाहरण म्हणजे एक्सझेड. फाइली दाबून लहान करणारं हे छोटं साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. ते सांभाळत होता लासे कॉलिन नावाचा एकटा माणूस, पगाराशिवाय. २०२२ मध्ये काही खात्यांवरून त्याच्यावर दबाव सुरू झाला. त्यातलं एक नाव 'जिगर कुमार' होतं, म्हणजे आपल्याकडचं वाटावं असं. काम फार हळू चाललंय, तुला रस राहिला नसेल तर दुसऱ्या कुणाकडे दे, अशा अर्थाचे निरोप. कॉलिनने उत्तर दिलं की मानसिक आरोग्याच्या जुन्या तक्रारी आहेत आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, हे लक्षात ठेवा. दुसरीकडे 'जिया टॅन' नावाचं एक खातं होतं. मदत करणारं, कष्टाळू, बोलायला गोड. हळूहळू चाव्या त्याच्या हातात गेल्या. २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याच खात्याने चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंडला लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने खोदलं, आणि २९ मार्च २०२४ ला ते जगाला कळलं.

हे सगळे ईमेल घेऊन सभ्यतेची मोजणी केली तर 'जिया टॅन'ला किती गुण मिळतील? मला वाटतं पैकीच्या पैकी. दबाव आणणारे निरोपही फार फार तर 'उतावीळपणा' या खणात पडतील. या बाबतीत कोर्टनी मिलर आणि सहकाऱ्यांचा २०२२ चा पेपर जास्त उपयोगी आहे. त्यांनी गिटहबवरच्या १०० विषारी चर्चा वाचल्या आणि ओपन सोर्समधला विषार सोशल मीडियापेक्षा वेगळ्या चवीचा असतो असं दाखवलं. इथे द्वेषाच्या घोषणांपेक्षा हक्क गाजवणं जास्त. फुकटात घ्यायचं आणि वर "अजून का नाही झालं?" म्हणून दारात उभं राहायचं. गावात याला काय म्हणतात ते लिहीत नाही. पण बघा, या पेपरमुळे अन्यायाची दिशा बदलते. फरेरांच्या पेपरमधून मेंटेनर हा बोलणारा म्हणून लक्षात राहतो, मिलरांच्या पेपरमध्ये तो ऐकून घेणारा होतो. एकाच माणसाच्या दोन्ही अवस्था खऱ्या असू शकतात, आणि माझ्या अनुत्तरित पॅचचं कारण बहुधा दुसऱ्या अवस्थेत आहे.

मग न्याय मोजायचाच नाही का? काहींनी प्रयत्न केलाय, आणि शब्दांकडे न बघता निकालांकडे बघून केलाय. टेरेल आणि सहकाऱ्यांचा गिटहबवरचा अभ्यास २०१६ मध्ये आधी प्रीप्रिंट म्हणून आला, २०१७ मध्ये परीक्षण होऊन छापला गेला. बायकांनी पाठवलेले बदल एकूणात पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारले गेले, सुमारे ७९ टक्के विरुद्ध ७५. पण प्रकल्पाच्या बाहेरच्या बायकांपुरतं पाहिलं तर, खात्यावरून बाई आहे हे कळत नसेल तेव्हा स्वीकाराचं प्रमाण सुमारे ७२ टक्के, कळत असेल तेव्हा साडेबासष्ट. वर्तमानपत्रांनी यातून आपापल्याला हव्या त्या बातम्या केल्या. कुणी पहिली जोडी उचलली, कुणी दुसरी. जी गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही ती अशी की ओळख उघड झाल्यावर बाहेरच्या पुरुषांचंही प्रमाण घसरतं, फक्त तेवढं नाही. आणि बाई की पुरुष हे ठरवलं कसं? ईमेलवरून गूगल प्लसचं खातं शोधून. ज्यांचं तिथे खातंच नाही ते सगळे अभ्यासाबाहेर. एवढ्या मर्यादा असूनही मला हा पेपर धाडसाचा वाटतो, कारण तो कुणी काय बोललं हे न विचारता काय घडलं हे विचारतो. एकही वाईट शब्द न उच्चारता दहा टक्क्यांची घसरण होऊ शकते. माझ्या खात्यावर फक्त आद्याक्षरं आहेत. का, ते आता विचारू नका.

सुराबद्दल एक शंका मात्र राहतेच, आणि ती मराठी माणसाला लवकर कळेल. माझा शिरूरचा मामा मला "काय गं ए, मेली होतीस का इतके दिवस?" म्हणाला, तर ती माया आहे. तोच "आपण कधी आलात?" म्हणाला, तर काहीतरी बिनसलंय. तू, तुम्ही, आपण यांतून आपण जे अंतर दाखवतो ते इंग्रजीतल्या एकाच 'यू'मध्ये कुठे दाखवायचं? मग आपली मुलं 'काइंडली' आणि 'सर' पेरत बसतात, ते वाचणाऱ्याला कधी लाचार वाटतं, कधी टोचून बोलल्यासारखं. मजकूर बाहेरून वाचून सूर ठरवताना हा धोका असतोच. ज्याला तो ईमेल आला होता त्याला जाऊन विचारणं, हा यापुढचा टप्पा असायला हवा.

आणि विचारण्यावरून आठवलं. संशोधनाच्या तयारीत असणाऱ्यांनी मिनेसोटा प्रकरण वाचलंच पाहिजे. तिथल्या विद्यापीठातल्या दोघांनी प्रयोग केला : मुद्दाम सदोष पॅच लिनक्सला पाठवायचे आणि परीक्षकांच्या नजरेतून ते सुटतात का बघायचं. मेंटेनर मंडळींना न सांगता. विद्यापीठाच्या नीतिसमितीने यात माणसांवर प्रयोग नाही, असं धरून सूट दिली. एप्रिल २०२१ मध्ये प्रकरण पेटलं, ग्रेग क्रोआ-हार्टमनने त्या अख्ख्या विद्यापीठाचे पॅच घेणं बंद केलं, जुनेही पुन्हा तपासायला काढले, आणि पेपर मागे घ्यावा लागला. तिथेही पॅचसोबतची भाषा व्यवस्थितच असणार. रात्री जागून तपासणारा माणूस हा 'प्रणालीचा भाग' आहे, माणूस नाही, असं समितीने धरलं होतं. तुमच्या एथिक्स फॉर्मवर 'मानवी सहभागी नाहीत' या चौकटीत खूण करताना हे प्रकरण आठवा.

जर्नल क्लबमध्ये शेवटी सरांनी विचारलं, "ठीक आहे, मग तू कसं करशील?" मी जे सांगितलं ते कच्चं आहे, पण लिहून ठेवते. दौंडशेजारच्या पुरंदर तालुक्यात, नायगावला, बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथला नियम असा की पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने द्यायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही हक्क. उसाला पाणी नाही. त्या पंचायतीच्या बैठकांत लोक एकमेकांशी किती गोड बोलत होते, मला माहीत नाही, आणि नियमाचा योग्यपणा त्यावर अवलंबूनही नाही. प्रश्न हा होता की वाटणीचं माप कुठलं. ओपन सोर्समध्ये माप आहे केलेल्या कामाचं : ज्याचे कमिट जास्त त्याचा शब्द मोठा, त्याचा पॅच आधी. वरवर रास्त, पण हे जमिनीच्या मापाने पाणी देण्यासारखंच आहे. ज्याच्याकडे आधीच आहे त्याला अजून.

म्हणून मी सुरुवात ईमेलांच्या मजकुरापासून करणार नाही. एखाद्या प्रकल्पाचे वर्षभरातले सगळे पॅच घ्यायचे, आलेले, नाकारलेले आणि उत्तर न मिळालेले. पहिलं मानवी उत्तर यायला किती दिवस लागले ते प्रत्येकासमोर मांडायचं. बॉटचं उत्तर धरायचं नाही. मग बघायचं की नव्याला आणि जुन्याला, कंपनीच्या पत्त्याला आणि साध्या पत्त्याला, मराठी-तमिळ अक्षरांच्या दुरुस्तीला आणि इंग्रजीच्या दुरुस्तीला किती फरकाने थांबावं लागतं. ज्यांना कधीच उत्तर आलं नाही त्यांना गाळायचं नाही. सांख्यिकीत त्यासाठी सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस आहेच, आपण ते फक्त रोग्यांसाठी आणि बल्बसाठी शिकतो. मेंटेनर किती आणि त्यांना पगार मिळतो का, हे त्याच तक्त्यात हवं, नाहीतर पुन्हा एकट्या पाटकऱ्याला दोष देऊन मोकळे होऊ. सूर कसा होता, हे त्यानंतर.

सर म्हणाले, "टेलपासून हेडकडे जायचं म्हणतेस." आमच्याकडे प्रत्येक आवर्तनाआधी 'टेल टू हेड' पाणी देणार असं सांगतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी मान हलवली.

डेटा उतरवायला घेतलाय. पहिल्या चाचणीसाठी घेतलेल्या दोनशे नोंदींत माझी ती चौदा महिन्यांची नोंदही आलीय. ती ठेवायची की स्वतःची म्हणून गाळायची, यावर अजून ठरत नाहीये. तुम्ही काय कराल ते कळवा.